कॅम्परच्या ओव्हनला ठिणगी बसवताना

आमच्या कॅम्परमधला ओव्हन पेटवायचा म्हणजे आधी जमिनीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून आत डोकवावे लागत असे. गोव्यातल्या फोंड्याच्या घरातून निघून चोर्ला, नेत्रावळी किंवा काणकोणच्या बाजूला दोन-तीन दिवस राहता यावे, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आतून राहण्यासाठी बांधून काढलेली एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्या आधीच्या मालकांनी हौसेने बसवलेला युरोपीय बनावटीचा लहान गॅस ओव्हन तिच्यासोबत आमच्याकडे आला. ओव्हन चांगला होता. आतला पत्रा कुठे गंजलेला नव्हता, दाराची काच शाबूत होती आणि मागच्या पट्टीवर छापलेला गॅसचा दाब, २८-३० मिलीबार, आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या दाबाशी जुळणारा होता. त्यामुळे जेट, म्हणजे गॅस जिच्यातून सुटतो ती बारीक भोकाची तोटी, बदलण्याचा प्रश्नच आला नाही. त्याला फक्त स्वतःची ठिणगी नव्हती.

या ओव्हनचा बर्नर म्हणजे तळाच्या पत्र्याखाली पुढून मागे गेलेली, दोन्ही अंगांना बारीक भोकांची रांग असलेली पोलादी नळी. पत्र्याच्या पुढच्या टोकाला अंगठा जाईल एवढे छिद्र ठेवलेले आहे. त्यातून पेटती काडी खाली न्यायची, दुसऱ्या हाताने नॉब आत दाबून फिरवायचा आणि ज्योत रांगेभर पसरली की नॉब आणखी पंधरा-वीस सेकंद तसाच दाबून धरायचा, अशी त्याची रीत. नॉब धरून ठेवण्याला कारण आहे. बर्नरशेजारी थर्मोकपल नावाची धातूची एक बारीक कांडी उभी असते. ज्योतीने तिचे टोक तापले की तिच्यात जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट दाबाची वीज तयार होते आणि तेवढ्या बळावर नॉबमागचे विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवते. ज्योत विझली की कांडी थंड होते, चुंबक सुटते आणि गॅस आपोआप बंद होतो. ही व्यवस्था उत्तम आहे, पण ती ज्योत लागल्यानंतरची आहे. नॉब हाताने दाबलेला असताना झडप आपणच उघडी ठेवलेली असते आणि तेवढ्या वेळात ज्योत लागली नाही, तर गॅस येतच राहतो.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही चोर्ला घाटात मुक्कामाला होतो. पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दोन दिवस दिसला नव्हता. गोव्याच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशी काडेपेटीही सर्द होते. मग काडी कितीही ओढली तरी बाजूच्या पट्टीवर नुसता तपकिरी डाग उमटतो. पत्नी बाथ, म्हणजे रवा-नारळाचा गोव्याकडचा केक, भाजायला घेणार होती. रवा आणि नारळ रात्रभर मुरत ठेवलेला होता, ताटाला तूप लावून झाले होते. तिने गुडघे टेकून नॉब दाबला, काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही छिद्रापर्यंत जाईतो विझली. पाचवी काडी मात्र नीट पेटली आणि ती खाली गेल्याबरोबर उघड्या दारातून निळ्या आगीचा लोळ बाहेर आला. तिच्या उजव्या हातावरचे केस आणि भुवईचे टोक होरपळले. त्यापलीकडे इजा झाली नाही, हे आमचे नशीब. मी सिलिंडर बंद केला, दोन्ही दारे उघडली आणि त्या रात्री आम्ही दहीपोहे खाल्ले.

झोपायच्या आधी ती एवढेच म्हणाली, “अहो, हा ओव्हन मी आता काडीने पेटवणार नाही. त्याचे काहीतरी करा, नाहीतर काढून टाका.”

चूक तिची नव्हती. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड आणि ब्युटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे न पेटलेला गॅस वर उडून जात नाही, तळाच्या पत्र्याखाली पाण्यासारखा साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आले की तो पेट घेतो आणि चार काड्या विझेपर्यंतचा वेळ त्याला तेवढे प्रमाण गाठायला पुरेसा होता. गॅस सुटणे आणि आग लागणे यांच्यामध्ये जितके सेकंद जातात, तितका धोका वाढतो. मला हे सेकंद काढून टाकायचे होते. वाकावे न लागण्याची सोय हा त्यातला लहानसा भाग होता.

स्वयंपाकघरातला साधा लायटर मी प्रथम वापरून पाहिला आणि लगेच सोडून दिला. त्याची नळी छिद्रात जेमतेम शिरते, ठिणगी नळीच्या आत पडते आणि ज्योत लागते तेव्हा हात नेमका तिच्या तोंडावर असतो. मात्र लायटरच्या पोटात जे असते तेच दाबाच्या बटणाच्या रूपात ओव्हनवर कायमचे बसवता येते. आत एक लहान हातोडी असते, ती विशिष्ट सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या आघाताने तुकड्याच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. दाब दिल्यावर स्फटिकात वीज उत्पन्न होते, हे पिएर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ जॅक यांनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. वर्गात हा भाग शिकवताना मी नेहमी लायटर उघडून मुलांच्या हातात देत असे. या बटणाला सेल लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. उणीव अशी की एका दाबाला एकच ठिणगी. पहिली चुकली तर बटण पुन्हा दाबावे लागते आणि तोवर गॅस चालूच असतो.

म्हणून मी सेलवर चालणाऱ्या इग्नायटरकडे वळलो. ऑटो इग्निशनच्या शेगड्यांमध्ये असते तीच ही वस्तू: काडेपेटीपेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची डबी, तिच्यात १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल, आणि बटण दाबून धरले की सेकंदाला चार-पाच ठिणग्या. बारा व्होल्टवर चालणारे प्रकारही असतात, पण गाडीची बॅटरी उतरली तरी ओव्हन पेटला पाहिजे, असे मला वाटले. फोंड्याच्या बाजारात गॅस गिझर आणि शेगड्या दुरुस्त करणारे एक जाणते कारागीर आहेत, ज्यांना सगळे मेस्त म्हणतात. त्यांनी एकाच तारेची डबी निवडून दिली, ज्यांच्या टोकाशी ठिणगी पडते ते सिरॅमिकचे आवरण असलेले दोन इलेक्ट्रोड दिले आणि एक का पुरत नाही असे मी विचारल्यावर म्हणाले की पहिला हमखास फुटतो. ते खरे निघाले.

गॅसच्या नळीचा एकही सांधा मी स्वतः उघडायचा नाही, हे आधीच ठरले होते. बर्नरची नळी एका स्क्रूवर बसलेली होती आणि तिचे मागचे टोक जेटवर नुसते सरकवलेले होते. सिलिंडर बंद करून, रेग्युलेटर काढून, तो एक स्क्रू सोडवला की ती बाहेर येते. मी ती घरी टेबलावर आणली. इलेक्ट्रोड म्हणजे बोटभर लांबीची पांढरी सिरॅमिकची कांडी आणि तिच्या टोकातून बाहेर आलेली जाड, उष्णता सोसणारी तार. ते टोक आणि बर्नरचा पत्रा यांच्यात तीन ते चार मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. फार कमी ठेवले तर ठिणगी आखूड होते आणि गॅसपर्यंत पोचत नाही. फार जास्त ठेवले तर हवा भेदायला लागणारा दाब डबीला झेपत नाही, कारण साधारण दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट लागतात. मी स्टेनलेस स्टीलच्या एक मिलिमीटर पट्टीची काटकोनी पकड केली, ती बर्नरच्या त्याच स्क्रूखाली अडकवली आणि तिच्यात इलेक्ट्रोड कसला. स्टीलला भोक पाडताना ड्रिल सावकाश फिरवावे आणि थेंबभर तेल सोडत राहावे. घाईने फिरवले की पत्रा घासून कडक होतो आणि मग बिटाची धारच जाते.

पहिला इलेक्ट्रोड कसतानाच तडकला. तडा केसाएवढा होता, नखाने चाचपला तेव्हा कुठे कळला. बटण दाबले तर टोकाला काहीच दिसेना, आणि खोलीतला दिवा मालवल्यावर पकडीच्या आत, सिरॅमिकच्या पोटात, निळा ठिपका लुकलुकताना दिसला. विजेला तिथून जवळची वाट मिळाली होती. दुसरा बसवताना मी स्क्रू बोटाच्या ताकदीपलीकडे पिळला नाही आणि पकडीच्या आत ग्लासफायबरच्या पट्टीचा एक वेढा दिला.

दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या वेळी मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. पकड कुठवर येते ते कळावे म्हणून मी सिरॅमिकवर पेन्सिलीने उभी रेघ मारली होती. अंधारात बटण दाबले तर ठिणगी टोकावरून न उडता त्या रेघेवरून सरसरत पकडीकडे उतरत होती, जणू कोणी निळ्या शाईने रेघ गिरवत आहे. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि ग्राफाइटमधून वीज वाहते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण रेघ मारताना ते मनात आले नाही. स्पिरिट लावलेल्या कापडाने रेघ पुसून टाकली आणि ठिणगी आपल्या जागी आली. हे काम कोणी करणार असेल तर त्याने सिरॅमिकवर पेन्सिल टेकवू नये आणि तेलकट बोटही लावू नये.

मग बर्नर गाडीत बसवला. डबी आणि बटण मी ओट्याच्या वरच्या कडेला, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर ठेवले, कारण गळालेला गॅस खाली साचतो आणि बटणाची ठिणगी तिथे नको. तार सिलिकॉनच्या आवरणाची घेतली, साठ सेंटिमीटरहून लांब होऊ दिली नाही आणि बर्नरच्या बाजूने न नेता ओव्हनच्या बाहेरच्या थंड अंगाने वळवली. सिलिकॉन साधारण १८०-२०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, म्हणून तळाखालच्या चार इंचांवर फायबरची नळी चढवली. थर्मोकपलची तार शेजारून जाते. तिच्यापासून मी ही तार दोन बोटे दूर राखली, कारण त्या नाजूक तारेत ठिणगी उडाली तर झडपेचे चुंबकच निकामी व्हायचे.

गॅस न सोडता बटण दाबले. टक्-टक् आवाज आला, पण टोकाशी ठिणगी फिकट आणि अनियमित होती. आणि नॉबच्या धातूच्या चकतीवर ठेवलेल्या माझ्या बोटांना मुंग्या चावल्यासारखे झाले. धक्का सौम्य होता, तरी जिथे गॅसचा नॉब दाबायचा तिथे तो चालण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मेस्तांना बोलावले. त्यांनी बर्नर हलवून पाहिला आणि पकडीखालचा पत्रा नखाने खरवडला. ओव्हनच्या आतल्या पत्र्यावर मीनाकारीचा, म्हणजे काचेचाच थर असतो, आणि काच वीज वाहू देत नाही. ठिणगी टोकापासून बर्नरवर उडते, पण तिथून तिला डबीकडे परतायला वाट हवी. ती वाट नसल्यामुळे वीज चकती आणि माझे बोट धुंडाळत होती. त्यांनी बर्नरच्या स्क्रूखाली एक निराळी तार कसली, स्क्रूखालचा थर कानशीने स्वच्छ केला आणि ती तार डबीच्या अर्थिंगच्या टोकाला जोडली. लगेच टोकाशी पांढरी-निळी, ठसठशीत ठिणगी पडू लागली आणि चकतीला हात लावून पाहिला तर काही जाणवले नाही.

मला वाटले काम झाले. सिलिंडर जोडला, सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, कुठे फुगा आला नाही. दारे-खिडक्या उघडून, ओव्हनचे दार पूर्ण उघडे ठेवून मी बटण दाबून धरले आणि मग नॉब फिरवला. ठिणग्या पडत होत्या, गॅसचा वास आला, आणि तीन सेकंदांनी भप् असा आवाज होऊन ज्योत लागली. जुलैतल्या त्या लोळाएवढी नव्हती, पण आवाज तोच होता. मी नॉब सोडला, पाच मिनिटे थांबलो आणि पुन्हा करून पाहिले. पुन्हा दोन-तीन सेकंदांचा उशीर.

मेस्त माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, “सर, उजो खंय लागता तें पळयात, ठिणगी न्हय.” ठिणगी कशी पडते ते पाहू नका, आग कुठे लागते ते पाहा. त्यांनी मला टॉर्च बंद करायला लावला आणि पुढच्या खेपेला आम्ही दोघांनी छिद्रातून निरखून पाहिले. ज्योत इलेक्ट्रोडपाशी लागतच नव्हती. ती दोन भोके मागे, बर्नरच्या अंगाला लागून, तिथून पुढे येत होती. माझे टोक नळीच्या पुढच्या बुचाजवळ, शेवटच्या भोकाच्याही पुढे होते. तिथे ठिणगी छान पडत होती, पण ताजा गॅस तिथे पोचतच नव्हता. तो आधी तळाखाली साचून मग पसरत पुढे येई, आणि तेवढ्यात ते तीन सेकंद जात. हा दोष मी टेबलावर कितीही वेळ ठिणगी न्याहाळली असती तरी मला दिसला नसता.

पकडीतले भोक लांबट करून मी इलेक्ट्रोड एक सेंटिमीटर मागे सरकवला, म्हणजे त्याचे टोक दुसऱ्या भोकाच्या वरच्या अंगाला, त्या भोकातून निघणारी गॅसची बारीक धार जिथे आजूबाजूच्या हवेत मिसळते तिथे आले. थर्मोकपलचे टोक तिथून तीन बोटांवर, म्हणजे ज्योतीच्या आत पण ठिणगीपासून लांब. या एका सेंटिमीटरने सारे बदलले. बटण दाबून नॉब फिरवला की एक-दोन टिचक्यांतच हलकासा फुस् आवाज होऊन ज्योत भोकामागून भोक धरत मागे सरकत गेली. मी ओव्हन थंड होऊ देऊन, दर खेपेला खिडकी उघडी ठेवून, असे दहा वेळा पेटवले. दहाही वेळा ज्योत एका सेकंदाच्या आत लागली. त्यानंतर मेस्तांनी रेग्युलेटरपासून झडपेपर्यंतचे सांधे पुन्हा एकदा साबणाच्या पाण्याने तपासले आणि रबरी नळीवरची तारीख पाहून ती या वर्षी बदलून घ्या असे सांगितले. नळी पाच वर्षांची होत आली होती.

ऑगस्टमध्ये एकदा पहाटे ठिणगीने दगा दिला. गाडी आठवडाभर वेर्ण्याला, मोकळ्यावर उभी होती आणि सिरॅमिकवर घाम फुटल्यासारखे दव जमले होते. त्या ओलीवरून वीज पकडीकडे निसटत होती. कोरड्या कापडाने पुसून, दहा मिनिटे दार उघडे ठेवल्यावर ती पूर्ववत झाली. तेव्हापासून पावसाळ्यात गाडी बंद ठेवताना आम्ही ओव्हनमध्ये सुक्या तांदळाची पुरचुंडी ठेवतो आणि पेटवण्याआधी काढून घेतो, आणि खारी हवा असलेल्या किनाऱ्यालगत मुक्काम झाला की परतल्यावर सिरॅमिक पुसून घेतो.

दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पत्नीने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की आधी ओव्हनचे दार आणि खिडकी उघडावी, मग बटण दाबावे, ठिणगीचा आवाज आल्यावरच नॉब फिरवावा, पाच सेकंदांत ज्योत लागली नाही तर नॉब सोडून पाच मिनिटे थांबावे, आणि ज्योत लागल्यावर वीस अंक मोजेपर्यंत नॉब सोडू नये. खाली सेल बदलल्याची तारीख आहे. सेल उतरू लागला की टिचक्यांमधले अंतर वाढते, म्हणून तिने तेही लिहून ठेवले आहे.

गणेशचवथीनंतरच्या आठवड्यात आम्ही नेत्रावळीला गेलो. या वेळीही रवा रात्रभर मुरला होता. तिने दार उघडले, उभ्यानेच बटण दाबले, नॉब फिरवला, आणि पत्र्याच्या छिद्रातून निळा उजेड दिसताच ती हळू आवाजात अंक मोजू लागली. चाळीस मिनिटांनी बाथ बाहेर काढला तेव्हा मागची कड पुढच्यापेक्षा दाट तांबूस झाली होती, कारण या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. पुढच्या वेळी अर्ध्यावर ताट फिरवायचे, असे तिने त्याच कागदाच्या तळाशी लिहिले.